‘येजो’चा अर्थ

ती आमच्याकडे राहायला येणार हे ठरलं तेव्हा घरात तीन मतं होती. बाबा म्हणाले, "फॉरेनची पोरगी आपल्या घरी कायले राहीन?" माझं मत असं, की माझं शेवटचं वर्ष आहे, त्यात ही भानगड नको. आईने मत दिलंच नाही, तिने थेट फॉर्म भरून टाकला. बाबा शाळेत आणि मी कॉलेजात असताना ती ऑटो करून गेली, आधार कार्डाची झेरॉक्स जोडली, सही केली आणि संध्याकाळी भाजी चिरता चिरता आम्हाला सांगितलं.

वर्ध्याच्या विद्यापीठात परदेशातली मुलं हिंदी शिकायला येतात, एक सत्र राहतात आणि जातात. त्यातल्या कोणाला घरगुती वातावरण हवं असेल तर त्यासाठी कुटुंबं शोधणं चालू आहे, हे आईला कोणाकडून तरी कळलं होतं. दादा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून आमची वरची खोली रिकामीच होती. "खोली पडून राह्यली," आई म्हणाली. "चार मयने माणूस तं दिसन घरात."

या वाक्याचा मला राग आला. मी काय माणूस नव्हते? पण मी सकाळी आठला घर सोडायची आणि संध्याकाळी आले की मोबाइलमध्ये तोंड घालून बसायची. बाबांची शाळा पंचवीस किलोमीटरवर. मधला सगळा दिवस आई त्या घरात एकटी असायची. तळेगावला होतो तोवर असं नव्हतं. तिथे आमच्या मोहल्ल्यात मावश्या, आत्या, चुलत्या, सगळ्या हाकेच्या अंतरावर, आणि दार फक्त कुत्रं शिरू नये म्हणून लोटायचं. बाबांची बदली झाली, वर्ध्याच्या कडेला एका लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, प्लॉट घेतला, घर बांधलं. नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत आई लेआउटमधल्या एकाही घरात बसायला गेली नव्हती, आणि आमच्याकडेही कोणी आलं नव्हतं. फाटकाशी बोलणं मात्र सगळ्यांशी. आम्ही बौद्ध आहोत, त्यामुळे संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे नसतं. बायकांनी एकमेकींकडे जायचं जे हक्काचं निमित्त, तेही आईला नव्हतं. यात जात किती आणि आळस किती, हे आई कधी बोलली नाही. मी आपलं माझ्या मनाने ठरवून टाकलं होतं आणि सगळ्या लेआउटवर मनातल्या मनात रुसून बसले होते.

मुलीसाठी अट एकच होती. पहिला आठवडा राहून पाहायचं. शनिवारी तिच्या हिंदीच्या वर्गाच्या मॅडम फोन करणार, आणि तिने सांगायचं, याच घरी राहते की होस्टेलला जाते. नाही पटलं तर सामान हलवायचं, कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही. आईने मान डोलावली. पण ती मुलगी राहायला हवी होती, हे आईच्या हालचालींवरून आंधळ्यालाही दिसलं असतं. दादाच्या खोलीला नवा पडदा, नवी बादली, नवा मग. माझा टेबल लॅम्पही वर गेला, मला न विचारता.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही तिला स्टेशनवरून घेऊन आलो. पोलंडची होती. माझ्यापेक्षा वर्षभराने मोठी, उंच, केसांची घट्ट वेणी, पाठीवर भलीमोठी बॅग. हिंदी तिने तिकडे दोन वर्षं पुस्तकातून शिकलेलं होतं, आणि ते इतकं शुद्ध होतं की आम्हालाच लाज वाटावी. बाबांनी चहा पुढे करत विचारलं, इतक्या दूर कशाला आलीस. ती सरळ बसली आणि म्हणाली, "मैं यहाँ शिक्षा के लिए आई हूँ।"

आई माझ्याकडे वळली. "शिक्षा? काऊन व, काय केलं हिनं?"

आई काही अडाणी नाही. हिंदी मालिका तिच्या तोंडपाठ असतात. पण ती घाबरली की तिचं हिंदी पळून जातं आणि जे उरतं ते स्वतः तयार केलेलं असतं. "पोळी और लेओ. भाजी में तिखट नहीं डाली, फिक्कीच है." मुलगी अर्धी पोळी खायची, हात जोडायची आणि म्हणायची, "धन्यवाद, मैं तृप्त हूँ।" पाण्याला धन्यवाद, गरम पाण्याच्या बादलीला धन्यवाद, जिन्यातला दिवा लावला तरी धन्यवाद. पहिल्या दिवशी आईला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "एवढं धन्यवाद धन्यवाद करून राह्यली, मले तं दुकानदारीण असल्यासारखं वाटते."

जेवली की मुलगी वर जायची आणि दार लावून घ्यायची. आमच्या घरात दार दोनच वेळा लागतं, कोणी रागावलं असेल तेव्हा किंवा कोणाची परीक्षा असेल तेव्हा. आई जिन्याखाली उभी राहून वर बघायची. मग एक वाटी संत्र्याच्या फोडी घेऊन जायची. थोड्या वेळाने चिवडा. मग पांघरूण पुरतं का ते विचारायला. प्रत्येक वेळी दार उघडायचं, धन्यवाद यायचं, दार लागायचं. मंगळवारी आई म्हणाली, "खरंच शिक्षाच भोगून राह्यली बिचारी." हसून म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता.

तिला वर्गाला घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं. लेआउटच्या तोंडापर्यंत चालत जायचं आणि तिथून ऑटो. बुधवारी चालता चालता तिने मला सांगितलं, की ती बहुतेक होस्टेलला जाईल. माझ्या तोंडून निघालं, "काऊन?" आणि तिला तेवढं कळलं. ती अडखळत म्हणाली, की आपकी माताजी बहुत अच्छी हैं, पर मैं कुछ नहीं करती, बस बैठती हूँ और वे मुझे देखती हैं. इथे ती कोणालाच ओळखत नाही, असंही म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज बारीक झाला होता. मला तिची दया आली, आणि आईची त्याहून जास्त. घरी मी यातलं काहीच सांगितलं नाही.

आमच्या रस्त्याने चालताना लोक तिच्याकडे बघायचे, ते साहजिकच होतं. पण नुसतं बघून गप्प बसतील तर ते आमच्याकडचे कसले? कोपऱ्यावरचे निवृत्त पोस्टमन काका, किराणावाल्या ताई, पिठाच्या गिरणीवरची म्हातारी, सगळे थांबवून विचारायचे, कुठली, काय शिकते, भात खाते का. आणि शेवटी सगळे एकच म्हणायचे. "येजो बाई घरी." समोरच्या काकू तर रोज. काकूंच्या घरच्यांचं बाजारात धान्याचं दुकान आहे, घर दोन मजली, फाटकाला पितळी नाव. आई आणि मुलगी फाटकाशी उभ्या दिसल्या की त्या गच्चीवरून हात करायच्या. "येजो बरं दोघी जणी!"

त्या बुधवारीच मुलीने मला विचारलं, येजो म्हणजे काय. तिच्या कोशात नव्हतं, मोबाइलमध्येही नव्हतं.

आता मला कोणी भाषेबद्दल विचारलं की मी फुगते. कॉलेजात पुण्याच्या पोरी माझ्या बोलण्याला हसायच्या, त्यामुळे वऱ्हाडीची बाजू घ्यायची एकही संधी मी सोडत नाही. मी तिला रस्त्यात उभं करून धडाच दिला. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे आत्ता नाही, पुढे, तुझ्या सोयीने, पण नक्की. प्रमाण मराठीत याला शब्दच नाही, हेही सांगितलं. तिने थांबून खिशातली छोटी वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. मी खूश. एक गोष्ट सांगायची मात्र माझ्याकडून राहिली, की येजो म्हटल्यावर कोणी जात नाही.

गुरुवारी तिचा वर्ग दुपारीच संपला आणि मलाही कॉलेज अर्धाच दिवस होतं. चारच्या सुमाराला ती जिना उतरून खाली आली. केस विंचरलेले, स्वच्छ कुडता, हातात ती वही. आई तांदूळ निवडत बसली होती. मुलगी तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चलिए।"

"कुठं?" आई म्हणाली.

मुलीने वही उघडून दाखवली. त्यात तिने देवनागरीत, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात अकरा घरांची यादी केली होती. पोस्टमन काका, येजो, दो बार. चक्की वाली दादी, येजो, एक बार. सामने वाली काकी, येजो, पाँच बार, दोनों. शेवटच्या शब्दाखाली रेघ होती.

आईने माझ्याकडे पाहिलं. "अवं, ते तसंच म्हणतेत. सांग हिले."

मी सांगायला गेले. म्हटलं, हे फक्त म्हणायचं असतं. लोक म्हणतात, पण कोणी जात नाही. ती ऐकत राहिली आणि मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "तो फिर कहते क्यों हैं?"

मी आईकडे वळले. आई तांदळात खडे शोधायला लागली. मुलगी पुढे म्हणाली, की काकींनी पाच वेळा बोलावलं आणि ती पाचही वेळा हो म्हणाली आहे. शनिवारी ती कदाचित इथून जाईल, मग तिचं बोलणं खोटं ठरेल. आणि निमंत्रण दोघींना आहे, एकटीने जाणं बरं दिसणार नाही.

शनिवारी जाईल, हे आईने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिने ताटातले तांदूळ डब्यात ओतले, आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली ती साडी बदलून. बदामी रंगाची, बाबांच्या शाळेच्या गॅदरिंगला नेसते ती. मला म्हणाली, "तू बी चाल. मले तिथं हिंदी बोलता नाई येणार." काकूंशी हिंदी कशाला बोलायचं होतं, हे मी विचारलं नाही.

रस्ता पंधरा पावलांचा. आई इतकी सावकाश चालत होती की मुलगी दोनदा थांबली. दारात काकू काय म्हणतील याचे मी दहा प्रकार मनात करून ठेवले होते, सगळे वाईट, आणि प्रत्येकाला माझं उत्तर तयार होतं, तेही वाईटच.

काकू अंगणात पोत्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. समोर शेंगांचा ढीग, मांडीवर परात. आम्हाला पाहून उठायला गेल्या आणि परात कलंडली. "या या… काऊन बाप्पा, सगळं बरं हाय ना? काई काम होतं?"

मुलीने हात जोडले. "आपने कहा था, येजो।"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईची मान खाली. मला वाटलं आता संपलं. आणि काकू हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. "माय व! नऊ वर्स झाले मी म्हणून राह्यली, येजो येजो. आन् ऐकलं कोणं तं पोलंडच्या पोरीनं!"

"तुमी बी तं नाई आल्या ताई," आई म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली.

काकू थांबल्या. "नाई आली," त्यांनी कबूल केलं. "मले वाटे, तुमच्या घरी सगळे शिकलेले. आपण जाऊन काय बोलाव?"

हे खरं होतं की वेळ निभावायला म्हटलं होतं, मला आजही ठाऊक नाही. त्यांनी आतून पाणी आणलं. मी पेले पाहिले. एकसारखे स्टीलचे चार पेले, त्यातला चौथा काकूंनी स्वतः उचलला. मी पेले पाहिले याची मला लाज वाटली, आणि पाहावंसं वाटलं याचा राग आला. आई पाणी प्यायली आणि खाली पोत्यावर बसली. न विचारता तिचा हात शेंगांकडे गेला. तळेगावला दर थंडीत ती हेच करायची, आमच्याकडे या हिरव्या दाण्यांना सोले म्हणतात. पोतं पोतं सोलायच्या त्या बायका.

मुलगीही मांडी घालून बसली. पहिल्या दहा शेंगांत तिचे निम्मे दाणे उडून रांगोळीवर पडले. काकूंनी तिचा अंगठा धरून दाखवलं, शिवणीवर दाबायचं, टोकाकडून नाही. "ऐसा दाबो, मंग फटकन खुलते." तिला जमलं. मग तिने मान वर केली नाही. तासभर तिघी सोलत होत्या, आणि काकू आणि आई कोणाकोणाची सोयरीक कुठे झाली इथपासून कोणाचा गुडघा दुखतो इथपर्यंत पोचल्या होत्या. मुलीला त्यातलं एक अक्षर कळत नसणार. पण तिचा चेहरा मोकळा दिसत होता. त्या तासाभरात ती एकदाही धन्यवाद म्हणाली नाही.

काकूंनी आम्हाला उठू दिलं नाही. तिथेच सोलेभात टाकला, वर तेलाची फोडणी, बाजूला कांदा. मुलीने दोन ताटल्या खाल्ल्या. तिसऱ्यांदा स्वतःच हात पुढे केला. आमच्या घरी अर्ध्या पोळीवर तृप्त होणारी ही बया! घरी परत येताना आई म्हणाली, "काकूच्या हातचं गोड लागलं हिले. माझ्या हातचं लागत नाई." मत्सरच होता तो, सरळ सरळ. मला हसू आवरेना. मग बुधवारचं बोलणं मी आईला सांगून टाकलं, की ती म्हणते मी नुसती बसते आणि माताजी मला बघतात.

आई फाटकाशी थांबली. "असं म्हणते?" म्हणाली आणि कडी काढून आत गेली.

शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर ओट्याशी मुलगी उभी होती आणि कणीक मळत होती. पिठात पाणी जास्त झालं होतं, दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटले होते. आई बाजूला टेकून चहा पीत होती. तिच्याकडे बघतही नव्हती, म्हणजे न बघण्याची शिकस्त करत होती. पोळ्या भारताचे, पोलंडचे, वाटेल त्या देशाचे नकाशे असावेत तशा झाल्या. मुलीने चार खाल्ल्या.

संध्याकाळी यादीतली आणखी तीन घरं झाली. पोस्टमन काकांनी तिला जुनी तिकिटं दाखवत दीड तास सोडलं नाही. गिरणीवरच्या आजींनी गालावरून हात फिरवला आणि तूप-साखर पोळी दिली. तिसऱ्या घरी आम्हाला बाहेरच्या पायरीवरच बसवलं आणि कागदी कपात चहा आला. मुलीला ते कळलं नाही, किंवा कळूनही तिने दाखवलं नाही. आईला कळलं. माझं डोकं भडकलं होतं, पण तिने माझा हात दाबला, चहा संपवला आणि त्या बाईला म्हणाली, "येजा आमच्या इकडे." बाई हो हो म्हणाली. ती कधी आली नाही, हेही इथे सांगून टाकते.

शनिवारी सकाळपासून आई घरभर नुसती फिरत होती. बाबांनी पेपर उघडला होता, पण पान उलटत नव्हते. अकराला मुलीचा फोन वाजला. ती अंगणात होती, कपडे वाळत घालत. आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि आधीच घासलेली कढई घासायला लागली.

"जी मैडम," मुलगी म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. मग खांद्याने फोन धरून तिने खिशातून वही काढली आणि बोटाने मोजलं. "नहीं मैडम, होस्टल नहीं। अभी सात घर बाकी हैं।"

पलीकडून काहीतरी विचारलं असावं. ती थोडी गोंधळली, शब्द शोधला, सापडला नाही, आणि मग आमचाच शब्द घेऊन म्हणाली, "येजो बोला है ना."

आईने कढई ठेवली आणि पदराने डोळे पुसले. बाबा पेपरामागून म्हणाले, "कांदा चिरून राह्यली का?" आई मला म्हणाली, "दादाले फोन लाव. म्हणावं, तुझी खोली गेली."

सोमवारी माझा शेवटचा तास झाला नाही आणि मी दुपारीच घरी आले. मुलगी वर्गात होती. आमच्या दाराला कुलूप होतं. त्या घराला भर दुपारी कुलूप लागलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, माझ्याकडे तर किल्लीही नव्हती, कधी लागलीच नव्हती. मी आईला फोन लावला, तो आत घरातच वाजत राहिला. माझा जीव घाबरा झाला. बाबांना फोन करावा म्हणून मी मोबाइल खाली घेतला, आणि समोरच्या घरातून आईचं हसणं ऐकू आलं. मोठ्याने, तळेगावला हसायची तसं. मुलगी बरोबर नव्हती, वही नव्हती. आई आपली आपणच गेली होती.

मला कडकडून भूक लागली होती. हाक मारली असती तर ती लगेच आली असती, म्हणूनच मारली नाही. दप्तर मांडीवर घेऊन मी आमच्या पायरीवर बसून राहिले.